फ्यूजची साक्ष

सबंध उस्मानाबादेत निर्जीव वस्तूंवर खटले चालवणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. माणसांवर खटले चालवणारे गावात पुष्कळ. आमच्या गावाला निजामाच्या अमलापासून कोर्टाची सवयच आहे. पण अडकणारा दरवाजा, नासलेलं दूध, मागं पडणारं घड्याळ यांना रीतसर हजर करायचं, त्यांची बाजू ऐकायची आणि मगच त्यांना हात लावायचा, ही पद्धत एकट्या दाजींची. ते मुन्सिफ कोर्टात पेशकार होते. न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून मिसली, म्हणजे खटल्याचे कागद, पुढं करायचे, गवाहांना पुकारायचं आणि पुढच्या तारखा लिहायच्या, हे त्यांचं काम. विलीनीकरण झालं, कोर्टाचा कारभार उर्दूतून मराठीत आला. दाजींनी उर्दूवर पोसलेल्या हाताला उतारवयात बाळबोध वळण लावून घेतलं, उरलेली वर्षं एक दिवस न चुकवता भरली आणि पेन्शनीत निघाले. त्यानंतर कोर्टानं त्यांना सोडलं, पण त्यांनी कोर्ट घरी आणलं.

त्यांच्या कोर्टाचा पहिला नियम असा की गवाह एकेकटा तपासायचा. दोघांना एकत्र उभं केलं की ते एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलतात. दुसरा नियम, आधी तोंडी शहादत, म्हणजे साक्ष, मग कागद. दस्तऐवज आधी वाचला की ऐकणाऱ्याचं मन बनून जातं, असं त्यांचं म्हणणं. एकदा घरातली चांदीची वाटी हरवली. दाजींनी भांडी घासणारी, दूधवाला, ताई आणि मी अशा चौघांना चार वेगवेगळ्या वेळी ओसरीवर बोलावून तेच सात प्रश्न विचारले. मी शाळेतून थेट आले होते, भूक लागली होती. मी म्हटलं, "दाजी, माझी साक्ष जेवल्यावर घ्या." ते म्हणाले, "मास्तरीणबाई, भरल्या पोटी गवाह उदार होतो." तिसऱ्या दिवशी वाटी त्यांच्याच टेबलावर सापडली, त्यांनीच टाचण्या ठेवायला नेली होती. त्यांनी स्वतःला दोषी ठरवलं आणि दोन दिवस चहा बंद, अशी शिक्षा दिली. ताईनं रदबदली केली तेव्हा एका दिवसावर तडजोड झाली. ही गोष्ट मी हसण्यासाठी सांगत असे. पुढं एकदा ती मला फार वेगळ्या तऱ्हेनं आठवली.

ताईला संधिवात होता. आधी गुडघे गेले, मग घोटे. दोन वर्षं ती पुढच्या खोलीतल्या खाटेवर होती. खाटेवरून तिला बाहेरचं म्हणून दाराच्या चौकटीतून समोरच्या घराची भिंत दिसे, एवढंच. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता दुखणं हाताच्या बोटांत उतरेल, वर्षसहा महिन्यांत मूठ वळणार नाही. ताई रडली नाही. परत येताना मोटारीत ती मला म्हणाली, "बोटं जायच्या आधी एकदा रविवारच्या बाजारात जाऊन स्वतःच्या हातानं वांगी निवडायचीत मला. बस्." यात नवल नव्हतं. ती पडल्यापासून बाजार दाजी करत, आणि दाजींचा बाजार म्हणजे उलटतपासणी होती. वांगं कुठल्या गावचं, कधी तोडलं, टोपलीत वर कुणी ठेवलं, हे सगळं ते विचारत, उत्तरावर खूश होत आणि किडकी वांगी घेऊन येत. दोन वर्षं त्या घरात वांग्यांच्या भाजीपेक्षा टाकलेल्या फोडीच जास्त निघाल्या.

सोलापूरहून आल्यावर दाजींनी चाकांची खुर्ची करायचं ठरवलं. करवून घ्यायची नाही, करायची. जुन्या सायकलची दोन चाकं त्यांच्याकडं होती, लोखंडी पाइप आणले. लोहार म्हणाला, हा पाइप भट्टीत धरला तर चेपेल, ह्याला वेल्डिंग पाहिजे. गावात तेव्हा वेल्डिंगचं दुकान नव्हतं. ढोकीला कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथं वेल्डिंग होतं म्हणून दाजी एसटीनं गेले आणि एका कारागिरासमोर पाऊण तास उघड्या डोळ्यांनी उभे राहिले. तो बिचारा सांगत होता, "साहेब, बघू नका." दाजींनी त्याला उत्तर दिलं की न बघता शहादत कशी नोंदवू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे डोळे टोमॅटोसारखे सुजले होते. मी दोन दिवस त्यांच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवत होते आणि ते खालून मला सांगत होते, "विद्या समजली." डोळे उघडल्यावर ते सोलापूरच्या जुन्या बाजारात गेले आणि घरगुती बांधणीचा एक वेल्डिंगचा सेट घेऊन आले. लोखंडी पेटी, आत तारेची वेटोळी, बाहेर दोन जाड केबल, आणि पेटीच्या एका अंगाला आकडे ठोकलेली पत्र्याची पाटी. यावेळी काळी काचही आणली होती, हे नमूद करते.

पेटी जड होती. पुढच्या खोलीतच, ताईच्या खाटेला लागून ठेवली, कारण मीटर आणि मेन स्विच त्याच भिंतीवर होते. पाइप मागच्या अंगणात मांडले, केबल तिथवर ओढली. दाजींनी काच धरली, वेल्डिंगची काडी पाइपला टेकवली. एक निळी ठिणगी पडली आणि घरातले दिवे गेले. फ्यूजची तार वितळली होती. नवी तार बांधली, पुन्हा काडी टेकवली, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी वायरमनला बोलावलं. त्यानं खिशातून काडीएवढी जाड तांब्याची तार काढली. "ही घाला. पुन्हा म्हणून उडायचा न्हाय."

"का उडतो ते सांगा," दाजी म्हणाले.

"कशाला पाहिजे? उडत न्हाय म्हणल्यावर काम झालं."

"अहो, फ्यूज हा या घरातला गवाह आहे. काहीतरी चुकतंय म्हणून तो ओरडतो. तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबताय. अशानं खटला जिंकता येतो, न्याय होत नाही."

वायरमननं माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं. पण या एका बाबतीत दाजींचं बरोबर होतं हे मान्य केलं पाहिजे. आमची घरं माळवदाची, वर सगळं लाकूड. त्याच वर्षी पेठेतल्या एका दुकानदारानं फ्यूजच्या जागी खिळा बसवला होता, त्याचं माळवद दोन दिवस धुमसत होतं. दाजींनी बारीक तारेचं अख्खं रीळ आणलं आणि खटला दाखल केला. नवी मिसल घेतली, लाल नाडा लावला, पहिल्या पानावर लिहिलं: फ्यूज वारंवार उडण्याबाबत. मुलजिमाचा, म्हणजे आरोपीचा, रकाना कोरा.

कोर्ट ताईच्या खाटेपाशी भरू लागलं. दर संध्याकाळी पाचला, दिवेलागणीच्या आत. न्यायाधीश ताई. हे तिनं मागितलेलं नव्हतं. दाजीच म्हणाले की मी तक्रारदार, मी फैसला कसा देणार, आणि मास्तरीणबाई मुलांना मारतात, त्यांच्या हाती न्याय नको. लग्नाला तीस वर्षं झाली होती, त्यात दाजींनी ताईला 'ऐकलं का' यापलीकडं हाक मारली नव्हती. आता ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसत आणि म्हणत, "सरकार, आजची पेशी," म्हणजे सुनावणी. ताई पदर सारखा करी आणि उशीला टेकून म्हणे, "हजर करा."

पहिल्या आठवड्यात घरातली वायरिंग हजर झाली. तिच्यावर नुसता एक दिवा लावून दोन तास ठेवला. फ्यूज टिकला. बाइज्जत बरी, म्हणजे निर्दोष सुटली. मग अंगणापर्यंतची लांब वायर. तिच्या टोकाला दिवा लावला, लागला, तीही सुटली. मग सेट. काडी न लावता नुसता चालू केला. तो घूं घूं करत राहिला, पण फ्यूज उडाला नाही. दाजी कान लावून बसले होते. "सरकार, हा गवाह पुटपुटतो आहे, पण गुन्हा कबूल करत नाही." ताई म्हणाली, "वयस्कर आहे. पुढची तारीख द्या." मग काड्यांवर संशय आला की त्या सर्दावल्या असतील. दाजींनी त्या पोळ्यांच्या तव्यावर खरपूस भाजल्या. मी येऊन पाहते तो पुढच्या खोलीतच शेगडी, तव्यावर ओळीनं काड्या, आणि ताई खाटेवरून सांगतेय, "उलटा आता, एका बाजूनं लागतील." काड्याही निर्दोष निघाल्या. अंगणातल्या ओल्या मातीची तपासणी झाली. दाजी कोरड्या फळीवर उभे राहिले, फ्यूज उडाला, माती सुटली. मेन स्विचचे स्क्रू आवळले, पितळी पट्ट्या घासल्या, आणि तोही सुटला. दर गवाहाला एक पेशी, दर पेशीनंतर एक तारीख. आणि अधूनमधून सगळं जोडून अंगणात काडी टेकवली की दिवे जात. वितळलेली प्रत्येक तार दाजी कागदाच्या पुडीत घालून वर दिनांक लिहीत.

मी शाळेत गणित शिकवते. पाचव्या आठवड्यात मला या सगळ्याचा कंटाळा आला. एका दुपारी दाजी बाहेर गेले असताना मी पेटीच्या अंगावरची पाटी पुसून वाचली. मग मीटर वाचला. मीटरवर पाच अँपिअर लिहिलं होतं. सेटच्या पाटीवर तीस. कुणाचाच दोष नव्हता. प्रत्येकजण एकेकटा खरंच बोलत होता. पण तांब्याभर पाण्याच्या ठिकाणी हंडा मागितला तर तांब्या काय करणार? घराची लाइन दिव्यांची होती, तिच्यावर हे काम होणारच नव्हतं. ते व्हायला यंत्राची मोटार फिरवणारी लाइन पाहिजे, आणि ती गावात पिठाच्या चक्कीवर होती. दाजींना हे पहिल्या दिवशी कळलं असतं. पण पाटी हा दस्तऐवज, आणि दस्तऐवज शहादती संपल्यावर.

मी ताईला म्हटलं, "सापडलं. आज आल्या आल्या त्यांना सांगते."

ताईनं माझं मनगट धरलं. पकड अजून होती. "बस," ती म्हणाली. "ती पाटी माझ्या तोंडासमोर आहे. पेटी आणली त्याच दिवशी वाचली मी. मीटर तर दोन वर्षं वाचतेय, दुसरं काय आहे इथं वाचायला?"

"मग बोलली का नाहीस?"

"हे दोन वर्षं ओसरीवर बसायचे. आत यायचे ते औषध द्यायला, आणि माझे पाय बघितले की तोंड फिरवून जायचे. आता रोज पाचला येऊन समोर बसतात. माझं मत विचारतात. काल तर भांडले माझ्याशी." तिनं माझं मनगट सोडलं. "खटला मिटला की परत ओसरी."

"आणि बाजार? तुझी बोटं काय तारखेसाठी थांबणारेत?"

"बोटं माझी आहेत," ताई म्हणाली. "मला कळेल."

मी गप्प बसले. ते बरोबर केलं की चूक, हे मला आजही सांगता येणार नाही. मला गणित येतं, आणि ते गणित नव्हतं.

आणखी सहा आठवडे कोर्ट भरलं. चक्कीवाले चाचा एकदा येऊन गेले, सगळं ऐकून म्हणाले, "पेशकारसाब, माझ्याकडं या की. तिथं धा घोड्याची मोटार फिरते, तुमची काडी तिला काय करनार?" दाजी म्हणाले, "चाचा, गुन्हा ज्या हद्दीत, खटला त्या हद्दीत." चाचांनी कपाळाला हात लावला आणि ताईला म्हणाले, "भाबी, तुमीच शिक्षा द्या ह्यांना." ताई नुसती हसली. मग एका संध्याकाळी तिच्या हातातली चहाची कपबशी निसटली. फुटली नाही, गोधडीवर पडली. चहा सांडला. दाजी फडकं आणायला उठले, तेव्हा ताई त्यांना म्हणाली, "राहू द्या ते. शहादती संपल्या. आता दस्तऐवज वाचा."

"सरकार, अजून दोन गवाह..."

"वाचा म्हणते ना."

दाजींनी चष्मा लावला, पेटीपुढं उकिडवे बसले, पाटी वाचली. मग उठून मीटर वाचला. मग पुन्हा पाटी. ताई म्हणाली, "फैसला. चक्कीवर न्या."

अमावास्येला चक्की बंद असते. त्या दिवशी चाचांनी मोटारीची लाइन मोकळी करून दिली, पेटी आणि पाइप हातगाडीवर घालून नेले. काडी टेकवली. उजेड पडला आणि तसाच राहिला. जोड असे आले जसा गुळाच्या खड्यावर मुंगळ्यांचा ढीग. चाचा म्हणाले, "दिसायला लई वंगाळ, पन सुटायचं न्हाय." ते खरं ठरलं. त्यातला एकही जोड आजवर सुटलेला नाही.

पुढच्या रविवारी ताई बाजारात गेली. दाजी खुर्ची ढकलत होते, मी मागं पिशव्या घेऊन. दाजी जिच्याकडून वांगी घेत ती माळीणबाई उठून उभीच राहिली. "दोन वर्सं कुटं व्हतीस गं माय? तुजा मालक यायचा, वांग्याचं गाव इचारायचा, वांग्याचं घर इचारायचा. म्या म्हनलं, ह्याला भाजी न्हाय करायची, सोयरीक करायचीय." ताई इतकी हसली की मला खुर्ची धरावी लागली. मग तिनं टोपलीत हात घातला. बोटं वाकडी झाली होती, पण अंगठा आणि दोन बोटं चालत होती. ती एकेक वांगं उचलून देठाखालची पाकळी वर करी, बघे, ठेवून देई. दाजींना म्हणाली, "प्रश्न कशाला विचारता त्याला? देठाखाली बघा. भोक असतं तिथं." दाजी वाकून बघत होते. पाटी वाचताना दिसले होते, तसेच दिसत होते.

सात रविवार मिळाले. शेवटच्या दोन रविवारी वांगं दाजी उचलत, तिच्या डोळ्यांसमोर धरत, आणि ती मान हलवून हो किंवा नाही म्हणे. त्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

महिनाभरानं दाजी माझ्याकडं आले. हातात ती मिसल होती, लाल नाड्याची. माझ्यापुढं ठेवली. मुलजिमाचा रकाना आता कोरा नव्हता. तिथं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"अकरा आठवडे खटला चालला, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "अकरा बाजार. आधी पाटी वाचली असती तर तिला अठरा मिळाले असते. माझ्या पद्धतीपायी गेले. फैसला लिहा. मी लिहू शकत नाही."

मला चांदीची वाटी आठवली. यावेळी रदबदली करायला ताई नव्हती. मी शब्द सजवणारी बाई नाही, म्हणून झालं ते सरळ सांगितलं. पाटी तिनं पहिल्याच दिवशी वाचली होती. मी पाचव्या आठवड्यात वाचली. तिनं मला गप्प बसवलं, आणि का गप्प बसवलं. ओसरीचंही सांगितलं. औषध देऊन तोंड फिरवण्याचंही सांगितलं, कारण अर्धी साक्ष दिलेली त्यांना चालली नसती.

दाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "म्हणजे न्यायाधीशच सामील होते."

"हो."

"आणि गवाह फुटलेला होता."

"हो. तो मी."

त्यांनी मिसल उचलली, मुलजिमाच्या रकान्याकडं पाहिलं. नाव खोडलं नाही. फैसल्याची जागाही कोरीच ठेवली. नाडा बांधता बांधता म्हणाले, "मग आता पुढची तारीख कोण देणार?" मी चहा ठेवायला आत गेले.

दर रविवारी ते अजून बाजारात जातात. खुर्ची घेऊन जातात. पिशव्या वाहायला बरी पडते, असं सांगतात. परतताना माझ्या दारात थांबतात आणि चार वांगी काढून माझ्या हातावर ठेवतात. "बघा मास्तरीणबाई, देठाखाली बघून घेतलीत." मी पाकळी वर करून बघते. चारांतली दोन तरी किडकी असतात. त्यांची नजर आता तेवढी राहिलेली नाही. मी वीस वर्षं शाळेत शिकवतेय, चुकलेल्या गणिताला कधी अर्धा गुण दिला नाही.

"चांगली आहेत," मी म्हणते. ते मान हलवतात आणि रिकामी खुर्ची हळू वळवतात, तिच्यात कुणी बसलेलं असावं तशी. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात थांबते, मग विळी घेऊन बसते. किडकं काढून टाकते. उरतं तेवढ्याची भाजी होते, आणि एक वाटी दाजींकडं जाते.